तीन नंबरची तार

"छत्तीस वर्षांत माह्या हातचं एक विमान पडलं नाही."

घरी कोणीही आलं की बाबा हे वाक्य म्हणतात. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यांनी ते ऐकवलंय. आई पाण्याचा पेला घेऊन नेमकी त्याच वेळी बाहेर येते आणि "झालं सुरू" असं पुटपुटते. पण तिलाही ते ऐकायला आवडतं, एवढं मला कळतं.

बाबांचं नाव ताराचंद. आम्ही गोळीबार चौकाकडचे कोष्टी. आजोबांच्या घरात दोन माग होते आणि बाबा बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांतल्या एकावर बसले. मागावर पोट भरेना तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं विमानांच्या हँगरमध्ये झाडूपोछा करायला लागले, तिथून हेल्पर झाले, मग टेक्निशियन. गेल्या मार्गशीर्षात त्यांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ते मुळात डावखुरे, म्हणून देवानं थोडी तरी दया दाखवली असं आई म्हणते. नजरही आता अंधूक झालीय. डावा हात, जीभ आणि ते एक वाक्य, इतकंच त्यांच्याजवळ शिल्लक आहे.

मी त्यांची मुलगी काजल. हिंगण्याच्या पुढे, कारखान्यांची शेवटची शेड मागे पडली की एक खासगी धावपट्टी लागते. तिथे वैमानिक घडवणारी एक छोटी शाळा आहे: चार विमानं, एक हँगर आणि मे महिन्यात कोणालाच पुरत नाही असा एक कूलर. मी तिथली इंजिनिअर. विमान दुरुस्त झालं, आता उडायला हरकत नाही, अशी सही करायचा अधिकार माझा. बाबांनी नोकरीची शेवटची अकरा वर्षं तिथेच काढली. त्यांना सही करता यायची नाही, कारण ती परीक्षा इंग्रजीतली. पण इंजिन कुठे दुखतंय ते आधी त्यांना कळायचं आणि मग मी पुस्तकात शोधून काढायचे. लोक मला मॅडम म्हणायचे आणि काम बाबांना विचारायचे. मला त्याचा राग यायचा, आणि अभिमानही वाटायचा.

आता करिष्माबद्दल सांगते. ते सांगायला मला मनापासून आवडत नाही, पण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

अडीच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, करिष्मा नावाची आमची विद्यार्थिनी एकटी विमान घेऊन निघाली. खाप्याची मुलगी. वडील महादेवराव, कन्हानच्या काठी शेती, संत्र्याची बाग. गावातून पहिली पायलट होणार म्हणून चौकात तिचा फ्लेक्स लागला होता, त्यात महादेवराव तिच्यापेक्षा मोठे दिसत होते. उड्डाणानंतर पंचवीस मिनिटांनी तीन नंबरच्या सिलिंडरच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. तिनं पुस्तकातलं सगळं केलं. पॉवर कमी केली, नाक खाली घेतलं, इंधन वाढवलं. काटा खाली यायचा आणि पुन्हा उसळायचा. इंजिन हवेतच जाम झालं तर काय, हा विचार कोणाच्याही मनात आला असता. खाली सोयाबीन काढून मोकळं झालेलं शेत दिसलं आणि तिनं विमान तिथे खाली आणलं. चाकं नीट टेकली, विमान सरळ धावलं, पण शेवटी पुढचं चाक धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर आदळून मोडलं. पंखा वाकला. करिष्माचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

आम्ही इंजिन उघडलं. आत तापल्याची एक खूण नव्हती. मी सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवला, काट्यानं बरोबर तापमान दाखवलं. दोनदा केलं, दोन्हीदा बरोबर. मग मी एक ओळ लिहून सही केली: "सेन्सर, तार, गेज, तिन्ही ठीक." माझी ओळ तिथेच संपली. पुढची लोकांनी आपली आपण पूर्ण केली, की पोरगी घाबरली आणि चांगलं विमान पाडलं.

शाळेनं तिला पुन्हा विमानात बसवलं नाही. ते शेत तिच्या घरापासून दीड किलोमीटरवर होतं, त्यामुळे खाप्यात लोकांना हसायला आयतंच मिळालं. "घर दिसलं, बाईनं ब्रेक मारला," असं पानठेल्यावर म्हणत. महादेवरावांसमोरही म्हणत. आमच्या घरी विषय निघाला की बाबा आपलं वाक्य म्हणायचे आणि वर जोडायचे, "ते मशीन चांगली होती. पोट्टीनं पाडलं." मीही मान हलवायचे.

करिष्मा आता हिंगण्यातल्या एका पॅकिंगच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आमच्या धावपट्टीपलीकडच्या गावात खोली करून राहते. तिथेच का राहते ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. कंपनीची बस सकाळी आमच्या गेटसमोर थांबते. ती कधी आमच्या बाजूला बघत नाही. महादेवराव गेल्या पोळ्याच्या आधल्या आठवड्यात वारले. मला कळलं होतं, पण मी गेले नाही.

ते विमान अडीच वर्षं हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. सुटे भाग रखडत रखडत आले, नवा पंखा बसला, पुढचं चाक बसलं. या मे महिन्यात ते पहिल्यांदा उडालं. चालवायला आमचे चीफ इन्स्ट्रक्टर देवराव सर होते. हवाई दलातून निवृत्त, साठी ओलांडलेले, कशाला घाबरत नाहीत अशी त्यांची ख्याती, आणि ती त्यांनीच पसरवलेली. वीस मिनिटांत परत आले.

"मॅडम, तीन नंबर," ते म्हणाले. "चढताना सीधा लालमध्ये. पॉवर काढली तर पडला, मग पुन्हा वर. काटा नाचून राहिला नुसता."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. करिष्मा घाबरून चुकीचं वाचते, हे तेव्हा त्यांनीच लिहून दिलं होतं. त्यांनाही ते आठवलं असणार, कारण त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मग आमचं शोधकाम सुरू झालं. गेज बदललं, काही फरक नाही. तीन नंबरचा सेन्सर एक नंबरवर लावला आणि एकचा तीनवर, तरी नाचणारा काटा तीनचाच. म्हणजे सेन्सरचा दोष नव्हता. सगळ्या जोडण्या घासूनपुसून लख्ख केल्या. जमिनीवर, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं की काटा अगदी शहाण्यासारखा वागायचा. सर वर घेऊन गेले की पुन्हा तमाशा. असे तीन दिवस गेले आणि माझं डोकं काट्यापेक्षा जास्त तापलं.

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "आज काय उघडलं वं?" हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ. मी खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी बसते आणि ते पडल्या पडल्या इंजिन उघडतात.

"तीन नंबरचं तापमान," मी म्हटलं. "सेन्सर चांगला, गेज चांगलं. आता फक्त तार राह्यली."

"तार पायली का?"

"मीटर लावून पायली. कुठंच तुटली नाही."

"मीटरनं काहून पायतं?" बाबा वैतागले. "डोये मीट अन् बोटानं पाय. कापडातला सांधा डोयाले दिसत नाही, बोटाले लागते."

कोणतं विमान, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरोखर डोळे मिटले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात तार धरली आणि हळूहळू सरकत गेले. धुराच्या नळीजवळ बोटांना काहीतरी लागलं. तार तिथे किंचित ताठ होती. वीतभर पुढे, सिलिंडरांवर समोरून हवा येते त्या तोंडाशी, पुन्हा तसंच लागलं. मी पर्समधून हेअर ड्रायर काढला. तो मी मुद्दाम घरून आणला होता आणि त्यावरून हँगरमध्ये दोनतीन विनोदही झाले होते. इंजिन सकाळपासून थंड होतं. नळीजवळच्या जागेवर गरम हवा मारली तर काटा वर चढू लागला. पुढच्या जागेवर मारली तर खाली उतरला. चांगल्या तारेला मधे कुठेही तापवलं तरी काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सेन्सरपासून गेजपर्यंत दोन तारा जातात, आणि त्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात. एक लोखंडाची, दुसरी एका मिश्रधातूची, चांदीसारख्या रंगाची. दोन वेगळे धातू जिथे जुळतात तिथे गरमी लागली की किंचित वीज तयार होते, आणि तिच्यावरून गेज तापमान सांगतं. म्हणून मधे तिसऱ्या धातूचा तुकडा घातला की दोन सांधे तयार होतात, आणि ते सांधे स्वतःच्या गरमीचं बोलू लागतात. दोन्ही सांधे सारखेच तापले किंवा सारखेच गार असले तर काही कळत नाही. उघड्या झाकणात, जमिनीवर, ते सारखेच असायचे. वर गेल्यावर एकावर गार वारा आणि दुसरा तापलेल्या नळीला खेटून, मग काटा खुशाल लालमध्ये. उकळत्या पाण्यातल्या माझ्या परीक्षेला हे सापडणं शक्यच नव्हतं.

मी वरचं आवरण कापलं. खाली मेणाच्या दोऱ्याचे वेढे होते, एकाला एक चिकटून, सगळे सारखे, आणि शेवटाला गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून आत ओढून घेतलं होतं. वेढे उलट्या दिशेनं गेलेले, डावखुऱ्या माणसाचे.

खरं म्हणजे पुढे उघडायची गरजच नव्हती. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा असाच सांधलेला होता. आईच्या चपलेचा अंगठा, सायकलच्या घंटीची दोरी, लहानपणी तुटलेली माझी मोत्यांची माळ, सगळं असंच सांधलेलं. तरी मी उघडलं. आत मिश्रधातूच्या तारेच्या मधे वीतभर तांब्याची तार होती, कल्हई केलेली, म्हणजे चांदीसारखी दिसणारी. दोन्ही टोकांचे पदर उकलून एकमेकांत विणले होते आणि पिळले होते.

मागावर धागा तुटला की कोष्टी त्याच रंगाचा धागा घेतो, टोकं ओली करून पिळतो, आणि सांधा कुठे आहे ते कोणाला दिसू देत नाही. दिसला तर घरचेच हसतात. अपघाताच्या वर्षी ऑगस्टात मी तीन आठवडे ट्रेनिंगला बंगळुरूला होते. तार घासून तुटली असणार, नवी यायला दीड महिना, आणि बाबांनी रंगाला रंग जुळवून सांधली. वहीत त्याची नोंद नाही. सांधा घातला हे कोणी लिहून ठेवतं का? महिनाभरानं ते निवृत्त झाले, हार घालून घेतला, आणि दोन महिन्यांनी करिष्मा त्या विमानात बसली.

मला रडू आलं नाही, राग आला. त्या देखण्या वेढ्यांचाच राग आला. इतकं सुबक करायचं काय अडलं होतं? एखाद्या हमालानं ओबडधोबड पट्टी गुंडाळली असती तर मला ती पहिल्याच दिवशी दिसली असती, आणि एक मुलगी आज कुठल्यातरी मोठ्या विमानात बसून प्रवाशांना नमस्कार म्हणत असती.

देवराव सरांनी तो कापून काढलेला तुकडा हातात घेऊन बघितला. कोणाचं काम ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या घड्याळाचा पट्टाही बाबांनीच शिवलेला आहे.

"मॅडम, नवी तार टाका," ते खाली बघत म्हणाले. "वहीत लिहा, 'तार बदलली.' खोटं थोडीच आहे ते?"

"अन् करिष्मा?"

"तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं. ताराचंदला आता या वयात, या अवस्थेत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "मी पण लिहिलं होतं तिच्याबद्दल. मला पण विसरता येत नाही."

त्यांचा सल्ला मला आवडला, हे कबूल करते. मी तो लगेच झिडकारला वगैरे नाही. तो तुकडा डब्याच्या पिशवीत टाकला आणि चार दिवस ती ओळ कोरी ठेवली. बाबा फार काळ काढणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. तोवर थांबावं, मग लिहावं, असा हिशेब मी करत होते. स्वतःच्या बापाच्या मरणाची वाट बघत होते, असं सरळ म्हटलं तरी चालेल. आणि रोज सकाळी गेटसमोर ती बस थांबायची. करिष्मा खाली बघत चढायची. तिच्या बापासाठी कोणी थांबलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तीन नंबरचं काय झालं वं? बोटानं पायलं का?"

मी रोजच्यासारखं "नाही सापडलं" म्हणणार होते. त्याऐवजी पिशवीतून तो तुकडा काढला आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवला. कसा ठेवला मला माहीत नाही. हातानंच ते केलं.

बाबांनी डोळे मिटले. अंगठा तारेवरून सरकला, सांध्यापाशी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. त्यांचा चेहरा खुलला. झटका आल्यापासून असा खुललेला मी पाहिला नव्हता.

"हा सांधा माहा आहे," ते म्हणाले. "पाय, इतल्या वर्षांत हलला नाही. कोणाले दिसला नाही ना?"

"नाही बाबा. कोणालेच दिसला नाही. मले बी नाही."

"दिसनच कसा?" ते हसले. मग विचारलं, "कोणत्या विमानाचा होय?"

मी सांगितलं. तिथे तांबं चालत नाही हेही सांगितलं, आणि का चालत नाही तेही, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. आई दारात येऊन उभी राहिली. बाबा ऐकत होते आणि अंगठा सांध्यावरून फिरतच होता.

"रंग तर सारखा होता," ते म्हणाले.

"हो बाबा."

"दोन्ही चांदीवानी. म्या उन्हात नेऊन जुयवला होता."

"हो."

आईनं विचारलं, "काय झालं वं?" मी तिला हातानंच थांबवलं. बाबा सांध्याचं टोक नखानं शोधत होते. त्यांना तो उकलायचा होता. त्यांचाच सांधा, त्यांनाच उकलेना.

"ते खाप्याची पोट्टी," ते शेवटी म्हणाले. "तिनं काटा बरोबर वाचला मंग."

"बरोबर वाचला."

"अन् म्या म्हणत राह्यलो, पोट्टीनं पाडलं." त्यांनी तार छातीवर ठेवली. "लिव. माहं नाव लिव. नुसतं टेक्निशियन नको लिवू, ताराचंद लिव, पुरं नाव. अन् तिले घरी आणजो. मले काही जाता येत नाही."

मी लिहिलं. बाबांचं नाव लिहिलं, त्याखाली माझं. तेव्हाची माझी ती ओळ चुकीची होती हेही लिहिलं. देवराव सरांनी वाचलं, आपलं जुनं मत मागे घेतल्याचं खाली लिहिलं आणि सही केली. ते कागद वर गेलेत. माझ्या लायसन्सचं काय होईल ते मला अजून ठाऊक नाही.

करिष्माला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या थांब्यावर गाठलं. तिनं मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मी रिपोर्टची प्रत तिच्या हातात दिली. ती उभ्याउभ्या वाचू लागली. बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, बाकीच्या बायका चढल्या. तिनं मान वर केली नाही आणि बस निघून गेली.

"ताई," ती म्हणाली, "मी बाबाले शेवटी शेवटी रोज विचारत होती, तुमाले वाटते का मी घाबरली म्हणून? ते म्हणत, नाही वं माय. पण भिंतीकडं तोंड करून म्हणत."

तिनं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"आता याचं काय करू मी?"

"परत उडायला..." मी सुरुवात केली.

"नाही होत आता," ती म्हणाली. "विमानाचा आवाज आला का अजून वर पायतो मी, पण हात गार पडते. याच्यासाठीच इथं खोली घेतली होती, सवय होईन म्हणून. नाही झाली."

बाबांनी बोलावलंय असं मी सांगितलं. "कायले?" असं तिनं विचारलं, मी म्हटलं ते तुलाच सांगतील. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

रविवारी दुपारी ती आली. बाबांनी सकाळपासून धुतलेला सदरा घालून ठेवायला लावला होता आणि आईकडून दोनदा दाढी करून घेतली होती, पहिली नीट झाली नाही म्हणून. करिष्मा खुर्चीच्या कडेवर बसली. तिच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सच्या बाहेर तो घडी केलेला कागद दिसत होता. आई पाणी घेऊन आली. करिष्मानं पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

घरात कोणीतरी आलं होतं आणि पाणी आलं होतं. बाबांची जीभ सवयीनं चालली.

"छत्तीस वर्षांत माह्या हातचं एक विमान..."

ते थांबले. आई रिकामा ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली.

"एक विमान पडलं, बाई," बाबा म्हणाले. "तुह्यं. तू नाही पाडलं. माह्या हातानं पडलं."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. पुसायला डावा हात वर आला नाही, तो चादर धरून होता. मी उठणार होते, पण करिष्मा बोलली. आवाज चढला नव्हता, रागही नव्हता. एखादी चुकीची नोंद दुरुस्त करावी तसं ती बोलली, आणि हे सांगायची ती अडीच वर्षं वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं.

"पडलं नाही, काका," ती म्हणाली. "मी उतरवलं."

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"हो," ते म्हणाले. "उतरवलं."

तिला हे ज्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते महादेवराव होते, माझे बाबा नव्हते. ती थोडा वेळ बसली, पाणी तसंच भरलेलं टेबलावर ठेवलं, आईला "येतो" म्हणाली आणि गेली.

आताही घरी लोक येतात. झटक्याचा पेशंट म्हणून नात्यातले येतात, जुने हँगरमधले येतात. बाबा त्यांना बसा म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत. आई पाणी घेऊन बाहेर येते, पेले देते, आणि थोडा वेळ ट्रे धरून तिथेच उभी राहते.